न्यूट्रिशन झालं, हेल्थ कोचचा कोर्स पण झाला, आता बोर्ड लावायचा का?

रिझल्ट लागला की ज्युनिअर पोरींचे मेसेज सुरू होतात, ताई कोल्हापुरात राजारामपुरीत गाळा बघितलाय, लायसन्स कुठं मिळतं? आधी हे डोक्यातनं काढा की कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स. आणि नुसत्या 'हेल्थ कोच' (म्हणजे खाण्यापिण्याच्या सवयी लावून देणारा) या नावाला आपल्याकडं सरकारी लायसन्स असं काही नाहीच.

२०२१ साली अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा केंद्राचा कायदा झाला, त्याच्या यादीत डायटिशियन आहे, न्यूट्रिशनिस्ट आहे, कोच नाही. हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला त्यात किमान ३६०० तासांची, ३ ते ६ वर्षांची डिग्री सांगितलीय, आता तुमच्या वीकेंडच्या ऑनलाइन कोर्सचे तास मोजून बघा. रजिस्ट्रेशन राज्याच्या कौन्सिलकडं असतं, सध्या अर्ज कुठं घेतायत ते या कायद्याखालच्या राष्ट्रीय कमिशनच्या साइटवरच बघायचं, एजंटाच्या तोंडून ऐकायचं नाही.

खरं वजन आहे ते 'आरडी'ला, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियन. ही परीक्षा इंडियन डायटेटिक असोसिएशन घेते. साधारण डायटेटिक्समधलं एमएस्सी नाहीतर पीजी डिप्लोमा, वर हॉस्पिटलमधली इंटर्नशिप, मगच फॉर्म भरता येतो, त्यामुळं बीएस्सी करून लगेच बोर्डावर आरडी रंगवायला जाऊ नका. इंटर्नशिप घेताना पहिल्याच दिवशी विचारायचं, इथं डायटचं वेगळं डिपार्टमेंट आहे का, सही कोण करणार, आणि ही इंटर्नशिप आरडीला चालते का. माझ्या इंटर्नशिपच्या लेटरवर 'समाधानकारक काम केले' एवढंच होतं, तारखा नाहीत, वॉर्ड नाहीत, मग दुपारच्या उन्हात तीन हेलपाटे आणि प्रत्येक वेळी "मॅडम राऊंडला गेल्यात". लेटरहेड, कुठल्या तारखेपासनं कुठल्या तारखेपर्यंत, कुठले वॉर्ड, शिक्का, सगळं जागेवर बघूनच बाहेर पडा. मार्कशीटवरचं आणि आधारवरचं नाव पण जुळवून ठेवा, लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी तर आधी तेच.

परदेशातले क्लायंट ऑनलाइन घ्यायचे असतील तर अमेरिकेतल्या नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंगची परीक्षा आहे. त्यांनी मान्य केलेलाच कोर्स लागतो (फी भरायच्या आधी यादीत नाव बघा, नंतर रडून उपयोग नाही) आणि ५० कोचिंग सेशनची नोंद, प्रत्येक किमान २० मिनिटांचं. मावशी, वहिनी, मैत्रीण यांची सेशन्स धरत नाहीत.

आता काम कुठवर करायचं. तालमीतला पोरगा येऊन म्हणतो, ताई, सकाळी जोर मारून झाले की काय खाऊ, त्याला खुशाल सवयी लावा. पण त्याचे वडील इन्शुलिनवर आहेत आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलंय, तर तिथं डॉक्टर आणि आरडी, कोचनं चार्ट द्यायचा नाही. आणि स्टेटसला 'शुगर मुळापासून बरी' लिहिणाऱ्यांनो, १९५४ च्या मॅजिक रेमेडीजच्या कायद्यात डायबिटीस आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत, असल्या जाहिरातीला मनाई आहे.

गाळ्याचे कागद त्यामानानं सोपे. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना दिली की पावती येते. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, हजार रुपये मागणाऱ्याला हात जोडा. प्रोफेशन टॅक्स वर्षाला २५००, आणि सर्व्हिसची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी.

सल्ल्याबरोबर घरचे नाचणीचे लाडू विकायचे असतील, आणि दोन महिन्यांत सगळ्याच विकायला लागतात, तर पहिला डबा द्यायच्या आधी एफएसएसएआयचं (केंद्राचं अन्नसुरक्षा खातं) रजिस्ट्रेशन काढा, नंबर लेबलवर छापावा लागतो.