चेक पिल्सनर शिकताना: ब्रुइंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ब्रुअरीत बिअर बनवण्याचं काम शिकायला येणारी बहुतेक मुलंमुली आयपीए, स्टाउट असल्या नावांनी भारावलेली असतात. पिवळी लागर (थंड तापमानात आंबवलेली बिअर) म्हणजे त्यांच्या लेखी पाणचट, कारखान्यातला माल. मी त्यांना सगळ्यात आधी चेक पिल्सनरकडे, म्हणजे प्लझेन गावात जन्मलेल्या फिकट सोनेरी लागरकडे वळवतो, आणि सुरुवात एका आकड्यापासून करतो.

माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून, काढलेल्या गोड रसाला वर्ट म्हणतात. त्यात साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ किती, हे चेक लोक अंशांत सांगतात. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल बालिंग यांनी १९व्या शतकात ही मोजणी बसवली. १२ अंश म्हणजे १०० ग्रॅम वर्टमध्ये साधारण १२ ग्रॅम अर्क. एवढ्या अर्कातून जर्मन पिल्सनरमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येतं. प्लझेनच्या ब्रुअरीची पिल्सनर उर्क्वेल मात्र ४.४ टक्क्यांवर थांबते. यीस्टने न खाल्लेला अर्क बिअरमध्येच राहतो आणि तोच या बिअरचा जीव आहे. जिभेवर जो भरीवपणा जाणवतो, आणि एवढा कडवटपणा असूनही दुसरा घोट घ्यावासा वाटतो, तो त्याच्यामुळे. युरोपीय संघाने २००८ मध्ये ‘चेक बिअर’ला भौगोलिक संकेत दिला, त्याच्या वर्णनातही या उरलेल्या अर्काची दखल आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातून कृती कळते. १८३८ मध्ये बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन गावात ३६ पिंपं खराब बिअर टाऊन हॉलसमोर ओतून दिली गेली. मग बिअर बनवण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी बांधायला घेतली. थंड तापमानात, तळाशी बसणाऱ्या यीस्टने आंबवण्याची बव्हेरियन पद्धत त्यांना हवी होती, म्हणून तिथून योसेफ ग्रोल या ब्रुअरला बोलावलं. ५ ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिली बॅच घातली. बव्हेरियाची लागर तेव्हा तपकिरी असायची. ग्रोलच्या हाती इंग्रजी धर्तीच्या भट्टीत, धूर लागू न देता वाळवलेला फिकट माल्ट आला, झाटेत्स भागातले हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आले आणि प्लझेनचं अतिशय मृदू पाणी आलं. या पाण्याला मी फार मोठं श्रेय देतो. त्यात कार्बोनेट नगण्य, त्यामुळे नुसत्या फिकट माल्टवरही मॅशची, म्हणजे दळलेला माल्ट आणि गरम पाणी यांच्या मिश्रणाची, आम्लता नीट जमते. क्षारही कमी, म्हणून भरपूर हॉप्स घातले तरी कडवटपणा बोचत नाही. झाटेत्सच्या हॉप्समध्ये कडवटपणा देणारी अल्फा आम्लं जेमतेम ३-४ टक्के असतात, तेव्हा ते सढळ हाताने घालावे लागतात आणि त्यांचा मसालेदार, गवताळ वास बिअरभर पसरतो.

आता डिकॉक्शन. नवख्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. मॅशचा साधारण तिसरा हिस्सा बाजूला काढायचा, वेगळ्या भांड्यात उकळायचा आणि परत मूळ मॅशमध्ये मिसळायचा. त्याने सगळ्या मॅशचं तापमान एक पायरी चढतं. प्लझेनमध्ये हे तीनदा करतात, तेही खाली जाळ असलेल्या तांब्याच्या भांड्यात. गुऱ्हाळावर रस आटताना काहिलीत रंग कसा चढत जातो ते पाहिलं असेल, तर इथे काय होतं ते लगेच उमगेल. दाट मॅश तांब्याच्या तळाशी तापतो, ब्रेडच्या कडेसारखा खमंग वास सुटतो आणि फिकट माल्टच्या बिअरला सोनेरी छटा येते. आजच्या माल्टला याची गरज नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. आंबवण्यापुरतं ते खरं आहे, पण चवीच्या बाबतीत मला ते पटत नाही. एकदा तरी दोन्ही पद्धतींनी बनवून, शेजारी शेजारी ठेवून चाखा.

आंबवणं संपत आलं की डायअसिटिलची, म्हणजे लोण्यासारखा वास देणाऱ्या पदार्थाची, चाचणी शिका. नमुना झाकून ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवायचा, नंतर गार करून हुंगायचा. लोण्याचा वास आला तर टाकी थंड करायची घाई करायची नाही. चेक लागरमध्ये या वासाची पुसट छटा चालते. पुसट म्हणजे किती, हे नाकाला रोजच्या सरावानेच कळतं. मसालेदार नाश्त्यानंतर लगेच चाखायला बसू नका.

फेसही कामाचा भाग समजा. चेक हॉस्पोदात, म्हणजे तिथल्या बिअरखान्यात, थंड पाण्याने धुतलेल्या ग्लासात आधी ओला, दाट फेस सोडतात आणि त्याच्या खालून बिअर भरतात. याला ह्लादिंका म्हणतात. म्लीको नावाच्या प्रकारात तर जवळपास सगळा ग्लास फेसाचाच असतो. आपल्याकडे फेस दिसला की गिऱ्हाईक तक्रार करतं. अशा वेळी त्याला फेसाखालच्या बिअरचा वास कसा टिकतो ते समजावून सांगा, ग्लास काठोकाठ भरून देऊ नका.

शिक्षणाचं म्हणाल तर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी किंवा केमिकल इंजिनीअरिंग हा चांगला पाया आहे. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकवतात. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंगच्या परीक्षा नोकरी करता करता देता येतात. बर्लिनचं व्हीएलबी आणि म्युनिकजवळचं वाइनश्टेफान या ब्रुइंग शिकवणाऱ्या संस्थांत खर्च मोठा, पण शिक्षण पक्कं. कुठेही शिकलात तरी पहिलं वर्ष टाक्या, पाइप आणि व्हॉल्व्ह धुण्यात जातं. टाक्या धुण्याचं कॉस्टिक (त्वचा आणि डोळे भाजणारं रसायन) हाताळताना हातमोजे आणि चष्मा काढायचा नाही, मुकादम कितीही घाई करो.

प्लझेनला जायची संधी मिळाली तर ब्रुअरीच्या तळघरात नक्की उतरा. तिथे आजही थोडी बिअर ओकच्या पिंपांत मुरवतात आणि तिची चव स्टीलच्या टाकीतल्या बिअरशी ताडून पाहतात. पिंपातली न गाळलेली बिअर चाखायला मिळते. आधी माल्ट, मग हॉप्स, मग उरलेला गोडवा, या क्रमाने वहीत टिपा, आणि वर येऊन तीच बिअर गाळलेली घेऊन पुन्हा टिपा.