जुन्या गोठ्याचं घर करताय? सिमेंटची पोती आधी बाजूला ठेवा

गावाकडचा दगड-मातीचा गोठा राहण्यासारखा करायचा म्हटलं की बहुतेक गवंडी पहिलं हेच सांगतात, सिमेंटचा गिलावा मारून टाकू, कायमचं काम होईल. आम्ही एका भिंतीला ऐकलं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात गिलावा फुगला, ओढला तर मागची माती पण सोबत आली. मातीत रचलेली भिंत जमिनीतली ओल ओढते आणि वाऱ्यावर सुकवते, सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आतच कोंडते.

आधी बघा भिंतीला पोट आलंय का, तुळयांना वाळवी लागलीय का. असेल तर ते काम पहिलं.

गोठ्याचं खरं दुखणं वेगळंच असतं. वर्षानुवर्षं जनावरांचं मूत मुरून खालच्या 3-4 फुटांत खार साठतो, तोच तो पांढरा लोणा. जुना गिलावा काढा, दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, इंचभर खोल मोकळ्या करा, लोणा कोरड्या ब्रशने झाडून लांब टाका, पाण्याने धुवायचा नाही कारण विरघळून परत भिंतीतच जातो. मग चाळलेली माती कालवून जाड लेप द्या, वाळला की काढून फेका, असं 2-3 वेळा, दरवेळी लेप थोडा खार ओढून घेतो. कंटाळा येतो पण हे टाळलंत तर पुढचं सगळं वाया. बाहेरची जमीन भिंतीवर चढली असेल तर खोदून आतल्या जमिनीच्या खाली घ्या आणि पागोळ्यांचं पाणी लांब जाईल असा उतार द्या.

आता सिमेंटच्या जागी चुन्याचा गिलावा. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, थोडी थोडी पाण्यात सोडायची, कळीवर पाणी कधीच ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं, चष्मा-हातमोजे पाहिजेतच. विरलेला चुना निदान महिनाभर पाण्याखाली झाकून ठेवा. 1 भाग चुन्याला 3 भाग चाळलेली वाळू, त्यातली थोडी वाळू कमी करून विटांचा चुरा घातला तर ओलीच्या जागी पण पकड येते, आणि कापलेला ताग घाला म्हणजे चिरा पडत नाहीत. आधी दरजा भरा, भिंत भिजवा, मग अर्ध्या इंचाच्या आतले थर द्या, मध्ये आठ-दहा दिवस सोडून, आणि ओली पोती लटकवून ठेवा. दिवाळीनंतर काम काढा, उन्हाळ्यात चुना धरायच्या आत सुकून भुगा होतो.

वर प्लास्टिक पेंट नको, पातळ सफेदीचे 3-4 हात बास. गव्हाण मात्र पाडू नका, आमच्याकडे तिच्यावर फळी टाकून बसायची जागा झालीय. पहिली काही वर्षं खालच्या पट्ट्यात लोणा परत दिसेल, घाबरू नका, तेवढाच गिलावा खरवडून नवा द्या.