कंबर तीन महिने दुखतेय? नाशिकात नीट उपचार कसे मिळवायचे

मी पंचवटीत, दिंडोरी रोडच्या अंगाला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. माझे बरेच पेशंट द्राक्षपट्ट्यातले: दिवसभर ट्रॅक्टरवर फवारणीचा ब्लोअर चालवताना मागे वळून वळून पाहणारे, नाहीतर हंगामात वीस-वीस किलोचे क्रेट उचलणारे. बाकीचे अंबड-सातपूरच्या कंपन्यांत उभं राहून काम करणारे. बहुतेकांच्या हातात कॅरीबॅगमध्ये एक्स-रे, एमआरआयच्या फिल्मा असतात, पण कुणी पायाला हात लावून तपासलंय का विचारलं तर उत्तर येत नाही. म्हणून हे लिहितेय.

उसण भरली, चार दिवस शेकली, सुटली, हे दुखणं वेगळं. ते बहुतेकांचं सहा आठवड्यांच्या आत आवरतं. बारा आठवड्यांनंतरही उठता-बसता कळ येत असेल तर मेडिकलवाल्याच्या गोळीवर दिवस काढू नका.

आधी धोक्याच्या खुणा बघा. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिर वाटतंय, दोन्ही पायांतली ताकद कमी होतेय, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा आणि सिव्हिल किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, जे जवळ असेल ते गाठा. मणक्याच्या तळाशी नसांचा झुबका असतो, तो दाबला गेला की काही तासांचा उशीरही महागात पडतो.

संध्याकाळी अंगात कसर, वजन उतरतंय, रात्री पडल्यावरही दुखणं थांबत नाही? मग मणक्याचा टीबी नाही ना, हे आधी बघून घ्यायला हवं. आपल्याकडे तो दुर्मिळ नाही, सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, आणि वेळेत सापडला तर सरकारी मोफत औषधांनी बरा होतो. अशा पाठीवर कुणाला कडाकड मोडून देऊ नका. पूर्वी कॅन्सर झालेल्यांनीही नवी कंबरदुखी अंगावर काढू नये. वय चाळिशीच्या आत, पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळी अर्धा-पाऊण तास अंग आखडलेलं आणि हालचाल केली की मोकळं, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरकडे जा. हाडांच्या डॉक्टरकडे वर्षं घालवून मग तिकडे पोहोचणारी तरणी पोरं मी पाहिलीत. आणि पाळी गेलेल्या बाईची कंबर रिक्षाच्या एका दणक्याने धरली, तर हाड ठिसूळ होऊन मणका दबला असू शकतो. आईला, आजीला "वयाचं आहे" म्हणून गप्प बसवू नका.

हे काही नसेल, तर सुरुवात कुठून? थेट माझ्याकडेही येऊ नका, आणि थेट स्पाइन सर्जनकडेही नको. आधी अस्थिरोग तज्ज्ञ किंवा तुमचे जुने एमडी डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात त्र्यंबक नाक्याला हाडांची ओपीडी आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. गर्दी असते, सकाळी लवकर निघा. कंपनीत पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर सातपूरचं ईएसआयसी हॉस्पिटल तुमचंच आहे. हक्क असून तिथे न जाणारे खूप.

जाताना कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरसमोर बसलं की माणूस "लई दुखतंय हो" एवढंच बोलतो. दुखणं कधीपासून, नेमकं कुठे, पायात उतरतं का आणि कुठपर्यंत: मांडी, पोटरी, की अंगठा? खोकल्या-शिंकल्यावर कळ वाढते का? काय केल्यावर बरं वाटतं, बसून की चालून? चालताना पाय भरून येतात आणि वाकून बसलं की सुटतात का? कोणत्या गोळ्या, किती दिवस? बीपी, शुगर, किडनी, ॲसिडिटी यांतलं काय आहे? दिवसभर करता काय, तेही सांगा. "शेती" एवढं पुरत नाही, "ट्रॅक्टरवर सहा तास" असं सांगा.

तपासणी कशी असावी, हे पेशंटला माहीत असलंच पाहिजे. पायात बूट ठेवून कंबर तपासता येत नाही. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतात, गुडघ्यावर हातोडी मारतात, पायाचा अंगठा जोर लावून वर धरायला सांगतात, कापसाने स्पर्श बघतात, चवड्यावर आणि टाचेवर चालवतात. पाच मिनिटांचं काम. दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार दादा दोन एमआरआय घेऊन आले होते. फिल्म बाजूला ठेवली आणि टाचांवर चालायला सांगितलं. उजवा पंजा वर राहिला, डावा फरशीवर चापटासारखा आपटायला लागला. ते म्हणाले, "मॅडम, हा चपलेतून निसटतो हल्ली, मला वाटलं चपलच सैल झाली." व्यायाम-बियाम काही नाही, त्याच दिवशी सर्जनकडे चिठ्ठी दिली. पंज्याची ताकद जाणं म्हणजे नस खरोखर दाबली गेलीय, आणि तिथे थांबून चालत नाही.

आता एमआरआय. धोक्याची खूण नसेल, पायाची ताकद शाबूत असेल, तर पहिल्याच भेटीत तो लागत नाही. 2015 मध्ये काही दुखत नसलेल्या माणसांच्या स्कॅनवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या 37 टक्के लोकांत मणक्यांमधली गादी झिजल्याचं दिसलं, ऐंशीतल्या 96 टक्क्यांत. डोक्यावरचे केस पिकतात तशी ही गादी सुकते. रिपोर्टात "बल्ज", म्हणजे गादी फुगलीय, असं वाचून घाबरायचं नाही. तुमचा पाय जिथे दुखतो तीच नस तिथे दाबलेली दिसते का, एवढंच डॉक्टरांना विचारा. दिसत नसेल तर त्या रिपोर्टावर ऑपरेशन ठरत नाही.

उपचाराबद्दल लिहिताना माझ्याच धंद्यावर बोलावं लागेल. दहा सिटिंगचं पॅकेज, वीस मिनिटं मशीनचं शेकणं, कंबरेला वजन लावून ओढणं, वर एक पट्टा: याला फिजिओथेरपी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत ट्रॅक्शन (ते वजन लावून ओढणं), अल्ट्रासाउंडचं शेकणं आणि कंबरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात नकोत, असंच म्हटलंय. व्यायाम, नीट समजावून सांगणं, मालिश, गरजेपुरतं औषध यांना जागा आहे. शेकून बरं वाटतं, घरी गरम पाण्याची पिशवी घ्या की. पैसे मोजायचे ते तुमच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्याला, दर आठवड्याला तो वाढवणाऱ्याला. तिसऱ्या भेटीतही तुम्ही नुसते झोपूनच असाल तर दवाखाना बदला.

सुरुवात चालण्याने करा. 2024 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले लोक होते. ज्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं, त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परत यायला 208 दिवस लागले, बाकीच्यांत निम्म्यांचं 112 दिवसांतच परत आलं. गोल्फ क्लबचा ट्रॅक असो की बागेतला बांध, दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत या, आठवड्यातले पाच दिवस. जोडीला उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, म्हणजे आपलं सेतुबंधासन, आणि रांगत्या स्थितीत उजवा हात-डावा पाय लांब करणं. व्यायाम करताना दुखणं पोटरीतून मांडीकडे, मांडीतून कंबरेकडे सरकलं तर चांगलं लक्षण, कंबर थोडी जास्त दुखली तरी. उलट पायात खाली उतरायला लागलं तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवा. पलंगावर पडून राहण्याची मुभा फार तर एक-दोन दिवस.

गोळ्यांचं थोडक्यात: डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक जातीची गोळी डॉक्टरांनी दिली तेवढेच दिवस, जेवल्यावर. किडनी, बीपी, अल्सर असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय नाहीच. आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या बिनानावाच्या पुड्या तर हातात धरू नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं: दोन दिवसांत पळायला लागतो माणूस, मग चेहरा सुजतो, शुगर चढते, हाडं पोकळ होतात.

काम सोडायचं नाही, बदलायचं. क्रेट दोघांनी उचला, अंगाजवळ धरून. ब्लोअरवरून दर तासाला उतरा, चार पावलं चाला. कंपनीतल्यांनी डॉक्टर विश्रांती सांगत असतील तर नुसती रजा टाकू नये. ईएसआयसीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या. हप्त्यांची अट पुरी असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते.

ऑपरेशन सांगितलं तर विचारा: पायासाठी, की कंबरेसाठी? सरकलेल्या गादीच्या ऑपरेशनने पायातली कळ चांगली जाते, नुसत्या कंबरदुखीला त्याचा तेवढा भरवसा नाही. ताकद जात नसेल तर दीड-दोन महिने नीट उपचार करून बघायला वेळ असतो, कारण बहुतेकांची सायटिका, म्हणजे नस दाबून पायात जाणारी कळ, त्यात कमी होते. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या आणि ते त्याच हॉस्पिटलमधल्या दुसऱ्या केबिनमधून घेऊ नका. सोबत फिल्म, रिपोर्ट आणि सीडी तिन्ही न्या. भरती व्हायच्या आधी सरकारच्या महात्मा फुले मोफत उपचार योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाला, गाठा आणि तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का, ते हॉस्पिटल यादीत आहे का, हे विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.