सायकल, वही आणि डोंगरवाट : मासिकासाठी ट्रेलवर्णन लिहिताना

काही वर्षांपूर्वी मावळातल्या एका डोंगरवाटेवरील माझ्या लेखात ‘सातव्या किलोमीटरला ओढा लागतो, तेथे बाटल्या भरून घ्याव्यात’ असे एक वाक्य छापून आले. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर डिसेंबरमधला ओढा होता. तो लेख वाचून एप्रिलमध्ये त्या वाटेला गेलेल्या दोघा वाचकांना तेथे फक्त उन्हात पांढरे पडलेले गोटे दिसले. त्यांनी संपादकांना पाठवलेल्या पत्रात एकही कडू शब्द नव्हता, आणि बहुधा त्यामुळेच ते पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. डोंगरी सायकलिंगचा नाद असलेल्या आणि त्यावर मासिकांतून लिहू पाहणाऱ्या माणसाला सांगण्यासारखे माझ्याजवळ जे काही आहे, ते बहुतांशी या एका चुकीतून आलेले आहे. लेखाचा खरेपणा वाटेवर थांबून काय टिपले यावर ठरतो. घरी आल्यावर त्यात भर घालायला गेले की ओढ्याला एप्रिलमध्ये पाणी येते.

पहिल्या लेखासाठी वाट निवडताना फार अवघड आणि फार अज्ञात वाटेच्या मागे लागू नये. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत जाणारा सुमारे पंधरा किलोमीटरचा, बहुतांश कच्चा रस्ता नवशिक्या लेखकासाठी मला आदर्श वाटतो, कारण त्यात झाडीतली सावली, ओढ्यांची ओलांडणी, सुटे दगड, लाल माती आणि शेवटी श्रीवर्धन व मनरंजन या जुळ्या बालेकिल्ल्यांचे दर्शन असे सगळे थोडे थोडे येते. अशा वाटेवर निदान दोनदा, दोन वेगळ्या ऋतूंत गेल्याशिवाय लिहायला बसू नये. पावसाळ्यानंतर नोव्हेंबरमध्ये जी उतरण मऊ आणि पकड देणारी असते, तीच मार्चमध्ये भुसभुशीत मुरमाचा घसारा होते आणि पुढचे चाक नेमके वळणावर सरकते. मेअखेरीस काजवे पाहायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी हाच रस्ता शनिवार-रविवारी भरून जातो. हे ज्याला माहीत नाही, त्याने ‘निर्मनुष्य वाट’ असे लिहिण्याचा धोका पत्करू नये.

शनिवारची संध्याकाळ सायकलीसाठी राखून ठेवावी. लेखकाने सायकल नीट ठेवण्यामागे सुरक्षिततेखेरीज आणखी एक स्वार्थ आहे : ज्याचे कान चेनच्या करकरीकडे लागलेले असतात, त्याला वाट दिसत नाही. देशावरच्या वाटांवर आपला मुख्य शत्रू बाभळीचा काटा. बांधावरची छाटलेली काटेरी फांदी कुंपणाला ओढून नेली जाते आणि तिचे अवशेष पायवाटेवर राहतात. ट्यूबलेस टायर आणि त्यातले सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव, यांमुळे हा त्रास पुष्कळ कमी होतो. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून आत बारीक काडी घालून ओलावा पाहावा. माझे वजन सामानासह सत्तर किलोच्या आसपास भरते आणि २.३ इंची ट्यूबलेस टायरमध्ये मी पुढे २२ व मागे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा ठेवतो. लेखात हवेचा आकडा द्यायचा असेल तर त्यासोबत स्वाराचे वजन आणि टायरची रुंदी द्यावीच, कारण पंचावन्न किलोच्या मुलीला माझा आकडा दगडासारखा कडक वाटेल.

चेन तपासण्यासाठी खास अवजार नसले तरी पोलादी फूटपट्टी चालते. नव्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरतात. हे अंतर सूताच्या अर्ध्याने, म्हणजे एक सोळांश इंचाने वाढले की चेन बदलावी. पूर्ण सूतभर वाढेपर्यंत थांबल्यास मागची दातेरी चक्रेही बहुधा बदलावी लागतात आणि खर्च कितीतरी पट होतो. आणखी एक लहानशी वस्तू मी कधीच विसरत नाही, ती म्हणजे डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेचा, सुटा हँगर; याच तुकड्याने ती फ्रेमला जोडलेली असते. सायकल आपटली की मूळ फ्रेम वाचावी म्हणून हा तुकडा मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, आणि प्रत्येक फ्रेमसाठी तो बहुधा वेगळा असल्यामुळे तालुक्याच्या दुकानात मिळण्याची आशा नसते. एकदा तो नसल्यामुळे मी नऊ किलोमीटर सायकल ढकलत परतलो. त्या दिवशीच्या नोंदी मात्र माझ्या सर्वांत तपशीलवार नोंदींपैकी आहेत, कारण पायी चालणाऱ्याला प्रत्येक दगड भेटतो.

आता वहीविषयी. खिशात मावणारी, जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून ठेवावी. घामाने ओल्या झालेल्या कागदावर शाईचे पेन फिसकटते, पेन्सिल फिसकटत नाही. फोनवर बोलून नोंदी करता येतात, आणि चढ संपल्यावर धापा टाकत केलेल्या ध्वनिमुद्रणातून त्या चढाची खरी तीव्रता कळतेही. पण वाऱ्यामुळे निम्मे शब्द ऐकू येत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मी निघण्याची जागा, पहिला मोठा चढ, सर्वांत वाईट टप्पा, सर्वांत उंच जागा आणि शेवट अशा पाच ठिकाणी सक्तीने थांबतो व प्रत्येक ठिकाणी वेळ, सायकलच्या मीटरवरचे अंतर, पायाखालची जमीन, पाणी, सावली आणि फोनला रेंज आहे की नाही एवढे लिहितो. रेंजची नोंद क्षुल्लक वाटते खरी. पण १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली, तर कोणत्या वळणापर्यंत मागे जायचे हे वाचकाला त्या एका ओळीतूनच समजणार असते.

‘वाट अरुंद आहे’, ‘उतार भयंकर आहे’ असली वाक्ये वाचकाच्या काही उपयोगाची नसतात, कारण प्रत्येकाचे भय वेगळे असते. परदेशातल्या ट्रेलवर हिरवा, निळा, काळा असे काठिण्याचे फलक लावलेले असतात. आपल्याकडच्या ढोरवाटांवर आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांवर असे फलक नाहीत, तेव्हा ते काम शब्दांनाच करावे लागते. यासाठी सायकललाच मोजपट्टी करावी. माझ्या हँडलची रुंदी ७६ सेंटीमीटर आहे. दोन्ही बाजूंच्या करवंदीच्या जाळ्या हँडलच्या टोकांना लागत असतील, तर वाट किती रुंद हे सांगायला दुसरे साधन लागत नाही. २९ इंची चाक टायरसह सुमारे ७४ सेंटीमीटर उंच असते, म्हणजे त्याचा आस जमिनीपासून ३७ सेंटीमीटरवर येतो. कातळाच्या पायरीशी सायकल टेकवून ‘पायरी आसाच्या जरा खाली येते, सलग तीन पायऱ्या आहेत, तिसरीनंतर थांबायला दोन सायकलींएवढी जागा आहे’ असे लिहिले, की उतरून जायचे की चालवत जायचे हे वाचक आपल्या वकुबाप्रमाणे ठरवू शकतो. जेथे मी स्वतः उतरलो, तेथे ‘मी उतरलो’ असे स्वच्छ लिहितो. सायकलविषयक लेखनात हा प्रामाणिकपणा कमी आढळतो आणि त्याची किंमत वाचकाच्या कोपराला व गुडघ्याला मोजावी लागते.

अंतराच्या आकड्यांवर सहसा विश्वास ठेवता येतो, चढाईच्या आकड्यांवर ठेवता येत नाही. एकाच फेरीत माझा फोन आणि सोबत्याचे हवेच्या दाबावरून उंची मोजणारे यंत्र यांच्या एकूण चढाईत शंभराहून अधिक मीटरची तफावत मी पाहिली आहे. त्यामुळे ‘एकूण चढाई ६४७ मीटर’ असा नेमकेपणाचा आव न आणता जवळच्या पन्नासापर्यंत गोळाबेरीज करावी आणि कोणत्या साधनाने मोजले तेही सांगावे. लागलेला वेळ देताना थांबण्याचा वेळ वेगळा दाखवावा.

वाटेवर भेटणाऱ्या माणसांशी बोलल्याशिवाय लेख पुरा होत नाही. गुराख्याजवळून वेगाने निघून जाण्याऐवजी लांबूनच वेग कमी करावा, गुरे बुजणार नाहीत इतक्या अंतरावर पाय टेकावा आणि ‘राम राम काका, ही वाट पुढे कुठे निघते?’ असे विचारावे. ‘हे काय, इथंच आहे’ या उत्तराने आपण सगळेच फसलेलो आहोत. त्यावर उपाय म्हणून मी ‘डोक्यावर ओझे असले की किती वेळ लागतो?’ असे विचारतो. त्याचे उत्तर बहुधा खरे येते आणि चढ ढकलत नेणाऱ्या सायकलस्वारालाही तोच वेळ लागतो. खिंडीचे, सोंडेचे, ओढ्याचे गावातले नाव विचारून तेच लेखात वापरावे. सायकलवाल्यांनी आपसांत ठेवलेली इंग्रजी टोपणनावे मित्रमंडळींत गंमत म्हणून ठीक आहेत. पण वाट चुकलेल्या माणसाने वाडीत जाऊन ते नाव सांगितले, तर त्याला कोणी मदत करू शकणार नाही. एखाद्या मावशींकडे पिठलं-भाकरी खाल्ली असेल तर पैसे देऊन यावे, आणि त्यांचे नाव किंवा फोन नंबर छापण्याआधी त्यांना विचारावे. सुट्टीच्या दिवशी दारात अचानक वीस सायकली उभ्या राहाव्यात अशी सर्वांची इच्छा असतेच असे नाही.

काही गोष्टी माहीत असूनही छापू नयेत. भातखाचराच्या बांधावरून जाणारी जवळची वाट, गडाच्या तटावरून किंवा जुन्या पायऱ्यांवरून उतरण्याची जागा, वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही असा अभयारण्यातला टप्पा, या तिन्हींना माझ्या लेखात जागा नाही. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आले; तशाच पातळ मातीच्या कितीतरी सड्यांवर पावसाळ्यात वीतभर उंचीची फुले येतात, आणि त्या मातीवर ओल्या दिवसांत उमटलेली टायरची चाकोरी पुढे पाण्याचा ओहळ होऊन बसते. अशा जागांचा नकाशा सोडाच, उल्लेखही न केलेला बरा, असे माझे मत आहे.

छायाचित्रांविषयी थोडक्यात सांगतो. ए-४ आकाराचे पूर्ण पान छापण्यासाठी साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे चित्र लागते. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकसते, म्हणून मूळ फाइल ईमेलने किंवा ड्राइव्हवरून पाठवावी. सायकलचे उभे चित्र घेताना चेनची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवावी आणि पेडल आडवे करावे. स्वार आणि वाट दोन्ही दिसतील असे एक तरी चित्र हवेच, कारण उताराची तीव्रता रिकाम्या वाटेच्या चित्रात हमखास सपाट दिसते.

घरी आल्यावर आधी सायकल धुवावी की नोंदी उतराव्यात, असा प्रश्न दर रविवारी पडतो. चिखल वाळू दिला तरी सोमवारी निघतो, पण आठवण वाळली की निघत नाही. म्हणून मी अंघोळ करून चहाबरोबर लगेच वही उघडतो. लेख मात्र त्या रात्री लिहीत नाही. दमलेल्या माणसाला प्रत्येक चढ हिमालय वाटतो आणि विशेषणे आपोआप वाढतात. शिवाय मासिकाचे पंचांग वेगळे असते. जानेवारीच्या अंकातली वाट नोव्हेंबरमध्ये लिहून द्यावी लागते, आणि दिवाळी अंकासाठी लेख मागितला जातो तेव्हा बाहेर आषाढाचा पाऊस पडत असतो. भर पावसात खिडकी लावून हिवाळ्यातल्या धुळीविषयी लिहायचे तर मागच्या हिवाळ्याची वही हाताशी लागते. म्हणून प्रत्येक नोंदीवर पूर्ण तारीख हवी, साल धरून.

चाचणीसाठी एखाद्या कंपनीकडून सायकल किंवा हेल्मेट आले असेल तर ते परत करायचे आहे की भेट मिळाले आहे, हे लेखातच सांगावे. वजन स्वतःच्या काट्यावर करावे, माहितीपत्रकातून उतरवू नये. एका रविवारच्या फेरीवरून ब्रेकविषयी मत देणे मला योग्य वाटत नाही. निदान एक लांब उतरण, एक पाऊस आणि पॅड बदलण्याचा एक खटाटोप झाल्यावरच लिहावे.

मुद्रणप्रत तपासायला आली की शुद्धलेखनाआधी डावे-उजवे तपासावे. जाताना डाव्या हाताला दिसलेला फाटा परतताना उजव्या हाताला येतो, आणि माझ्या वहीत अशा नोंदी अनेकदा परतीच्या असतात. मी प्रतीच्या समासात प्रत्येक फाट्यापुढे ‘जाताना’ किंवा ‘येताना’ असे पेन्सिलीने लिहितो आणि नकाशावर बोट ठेवून वाट पुन्हा एकदा चालवून पाहतो. पाण्याच्या प्रत्येक उल्लेखापुढे महिना छापला आहे की नाही, हे त्यानंतर पाहतो. जागेअभावी संपादक बहुधा तेच दोन शब्द कापतात, आणि तेवढ्यासाठी मी दरवेळी फोन करतो.