नागरी सहकारी बँकेच्या शाखेत मनी लाँडरिंग कसे रोखावे

मनी लाँडरिंग म्हणजे बेकायदा कमाई वैध भासवणे. ते रोखणारा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 2002 साली संमत झाला, 1 जुलै 2005 पासून लागू झाला, आणि तो नागरी सहकारी बँकांनाही बंधनकारक आहे. मात्र शाखेत त्याची अंमलबजावणी बहुतेक वेळा संगणकाअभावी नव्हे, तर ओळखीपायी अडते. संचालकांनी पाठवलेल्या किंवा जुन्या सभासदाच्या नात्यातील माणसाकडे कागदपत्रे मागताना कर्मचारी संकोचतो. म्हणून खाते उघडताना शिफारस कोणाचीही असली, तरी केवायसीत (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेत) सवलत मिळणार नाही, असा लेखी नियमच संचालक मंडळाकडून करून घ्यावा.

चालू खाते उघडताना व्यवसायाचे स्वरूप, अपेक्षित मासिक उलाढाल आणि पैशाचा स्रोत यांची नोंद घ्यावी, कारण पुढे एखादा व्यवहार विसंगत ठरवायचा तो याच नोंदीच्या आधारे. कंपनी किंवा भागीदारी संस्था असल्यास 10 टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेल्या प्रत्यक्ष व्यक्तीपर्यंत पोहोचावे. कागदावरचा भागीदार आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारा यांत फरक दिसला, तर तेथेच थांबून विचारणा करावी. केवायसीचे नूतनीकरण जास्त जोखमीच्या खात्यांसाठी किमान दर 2 वर्षांनी, मध्यम जोखमीसाठी 8 व कमी जोखमीसाठी 10 वर्षांनी करावे लागते.

एका वेळचा 10 लाख रुपयांहून अधिकचा रोख व्यवहार पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत केंद्र सरकारच्या नवी दिल्लीतील वित्तीय गुप्तवार्ता विभागाला (एफआययू-इंड) कळवावा लागतो. परस्परसंबंधित छोट्या रोख व्यवहारांची महिन्याची बेरीज ही मर्यादा ओलांडत असेल, तर तेही कळवावे लागतात. पॅन टाळण्यासाठी 49 हजारांची चलने वेगवेगळ्या दिवशी भरणारा ग्राहक संगणक प्रणालीच्या आधी रोखपालाच्या लक्षात येतो, त्यामुळे रोखपालाचे निरीक्षण शाखाधिकाऱ्यापर्यंत त्याच दिवशी लेखी पोहोचेल अशी व्यवस्था असावी.

सध्या सर्वाधिक लक्ष भाड्याने दिलेल्या, म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्याला वापरू दिलेल्या, खात्यांकडे द्यावे. विद्यार्थ्याच्या किंवा मजुराच्या बचत खात्यात परराज्यांतून यूपीआयने अनेक रकमा येणे, त्या काही तासांतच एटीएममधून काढल्या जाणे, आणि परस्परांशी संबंध नसलेल्या खात्यांना एकच मोबाइल क्रमांक जोडलेला असणे, ही त्याची लक्षणे आहेत. यांपैकी एकच लक्षण दिसले म्हणून ग्राहकाला दोषी धरू नये. कारखान्यातील मजूर गावाकडचे पैसे एकमेकांच्या खात्यावर मागवतातच.

आधी ग्राहकाला विचारावे; त्याचा खुलासा पटला नाही, तर शाखेने प्रकरण प्रधान अधिकाऱ्याकडे (असे अहवाल वित्तीय गुप्तवार्ता विभागाला पाठवणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याकडे) सोपवावे. संशयास्पद व्यवहाराच्या अहवालासाठी रकमेची किमान मर्यादा नाही, आणि व्यवहाराचा नुसता प्रयत्न झाला असला तरी अहवाल द्यावा लागतो. अहवालात “व्यवहार संशयास्पद वाटतो” एवढेच लिहिणे निरुपयोगी आहे. पैसा कोठून आला, कोठे गेला आणि ग्राहकाने सांगितलेल्या व्यवसायाशी तो का जुळत नाही, हे तारखांसह मांडावे.

अहवाल दिल्याचे ग्राहकाला, किंवा त्याची शिफारस करणाऱ्या संचालकालाही, कळू देऊ नये. अधिक चौकशीने ग्राहक सावध होईल असे सकारण वाटल्यास ती चौकशी थांबवून थेट अहवाल द्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची तरतूद आहे. माहिती कळवल्याबद्दल कर्मचाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असे संरक्षण कायद्याच्या कलम 14 मध्ये आहे. ते प्रत्येक रोखपालाला ठाऊक असावे.