घरात शार्क पाळायचाय? टाकीच्या आधी फरशी बघा

फिश टँकच्या दुकानात गेलं की कोपऱ्यातल्या टाकीत दोन-अडीच इंचाचे चंदेरी, सारखे पळणारे मासे असतात आणि वर पाटी असते 'शार्क'. मीपण घेतले होते कॉलेजला असताना, एकदम चार, अडीच फुटी टाकीत. वर्षभरात ते एवढे वाढले की वळायला गेले की नाक काचेवर आपटायचं, आणि घरी कोणी जोरात दार लावलं तरी चारही जण टाकीभर धडाधड. तर तो शार्क नसतोच. तो पंगास, कॅटफिशच्या कुळातला, गोड्या पाण्यातला, आणि हॉटेलात बासा म्हणून जी पांढरी बिनकाट्याची तुकडी येते ती बहुतेक वेळा हीच. मीटरभर होतो तो. बाला शार्क, रेड टेल शार्क, रेनबो शार्क हेपण शार्क नाहीत, ते रोहूच्या खानदानातले. यातला बाला फूटभर जातो आणि त्याला त्याच्यासारखेच चार-पाच सोबती लागतात, म्हणजे टाकी मोठीच. पण रेड टेल किंवा रेनबो साधारण ६ इंचावर थांबतो, त्यामुळे ज्यांना नुसता शार्कसारखा दिसणारा मासा हवाय त्यांनी ४ फुटी टाकीत यातला एक आणावा (एकच, दोन आणले तर मारामारी) आणि बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल.

ज्यांना खराच शार्क हवाय, म्हणजे आपली मुशी किंवा मालवणकडे मोरी म्हणतात त्या जमातीतला, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

१. कोणता शार्क

शार्कचे ढोबळ दोन प्रकार समजा. एक सतत पोहणारे, म्हणजे ब्लॅकटिप वगैरे, जे फोटोत भारी दिसतात. हे पुढे सरकत राहिले तरच कल्ल्यांवरून नीट पाणी जातं, त्यामुळे घरची कितीही मोठी टाकी यांना कमीच, विषय संपला. दुसरे तळाला पडून राहणारे, जे तोंडाने पाणी ओढून कल्ल्यातून सोडतात आणि दिवसभर एका जागी लोळत पडू शकतात. घरात जमले तर हेच जमतात.

यात तीन नावं लक्षात ठेवा. बांबू शार्क, त्यातला एक ब्राउनबँडेड आणि एक व्हाइटस्पॉटेड, दोघं साधारण मीटरभर होतात, पिल्लू मात्र वीतभरच असतं आणि अंगावर असे काळे-पांढरे पट्टे की बघणारा तिथेच विरघळतो. दुसरा एपॉलेट शार्क, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा, ओहोटीला डबक्यात अडकला तर पंखांवर रांगत रांगत पुढच्या डबक्यात जातो, कमी ऑक्सिजनमध्ये टिकून राहायची त्याची ताकद जबरदस्त, आणि तोही तीन फुटाच्या आसपास. तिसरा कोरल कॅटशार्क, सडपातळ, साधारण दोन-सव्वादोन फूट, तिघांत सगळ्यात लहान हाच.

नवीन माणसाने व्हाइटस्पॉटेड बांबू किंवा कोरल कॅटशार्क घ्यावा असं माझं मत. खायला नखरे कमी, आणि अंडं किंवा टाकीतच जन्मलेलं पिल्लू मिळण्याची शक्यता जास्त. बांबू शार्कच्या जाती आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही आहेत, जाळ्यात येतात, म्हणून बंदरावर जाऊन जिवंत एखादा घेऊन येऊ असं डोक्यात येईल, पण जाळ्यात घासलेला, तासन् तास बोटीवर पडलेला मासा बहुतेक वेळा घरी येऊन मरतोच. दुकानातून घेतानाही बिल मागा, बाहेरून आणलेला असेल तर आयातीचे कागद बघा, आणि कोणत्या जातीचा ते लेखी घ्या. 'सर, सगळे शार्क सारखेच' म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

२. मोठा झाल्यावर किती, त्यावर टाकी

सगळे इथेच गंडतात. पिल्लू सात इंचाचं असतं म्हणून ४ फुटी टाकी घेतात, 'पुढे मोठी घेऊ' म्हणतात, ते पुढे कधी येतच नाही. तीन फुटाच्या माशाला सरळ पोहायला आणि मुख्य म्हणजे वळायला जागा लागते. म्हणून बांबू शार्कसाठी ८ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच, हे मी किमान धरतो. उंची फार नको, तो तळालाच असतो, पैसे रुंदीत घाला.

आता हिशोब करा. ८ गुणिले ४ गुणिले २ म्हणजे ६४ घनफूट, एका घनफुटात २८ लिटरच्या वर पाणी, म्हणजे जवळजवळ १८०० लिटर. म्हणजे नुसतं पाणीच १.८ टन, काच, स्टँड, वाळू, दगड वेगळे. दोन फूट उंच पाण्याचा भार दर चौरस मीटरला साधारण ६०० किलो पडतो, आणि आपल्याकडे राहत्या खोलीची स्लॅब काढताना आयएस ८७५ या मानकात वापराचा भार धरतात २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो. स्लॅब लगेच कोसळेल असं मी म्हणत नाही, टाकी कुठे, बीम कुठे, भिंत कुठे यावर सगळं आहे, पण तिसऱ्या मजल्यावर हॉलच्या मधोमध ठेवणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा. सोसायटीला नंतर कळलं तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. तळमजला, ग्राउंडवरची पक्की फरशी, सगळ्यात सुखाचं.

३. पाणी, मीठ आणि दीड-दोन महिने रिकामी टाकी

नळाचं पाणी थेट नाही, त्यात क्लोरीन असतं. आरओचं पाणी घ्या आणि मरीन सॉल्ट घाला, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. म्हणजे पहिल्यांदा भरतानाच ६३ किलो मीठ. खायचं मीठ चालत नाही, दर वेळी कोणीतरी विचारतंच म्हणून लिहितोय. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत पाणी किती जड ते, १.०२५ च्या जवळ ठेवा आणि पीएच ८.१ ते ८.४.

आरओ युनिटपासून टाकीपर्यंत कुठे पितळी किंवा तांब्याचं फिटिंग नाही ना ते बघा. शार्कला तांबं म्हणजे विष. माशांच्या ठिपक्यांवरची बरीच नेहमीची औषधं कॉपरवालीच असतात, त्यामुळे ज्या टाकीत आधी कधी कॉपर घातलंय ती सेकंडहँड टाकी आणि तिच्यातले दगड स्वस्तात मिळाले तरी सोडून द्या.

खाली बारीक वाळू, खडी नको, पोट घासून जखमा होतात. एक ऐसपैस गुहा हवी, पूर्ण मावेल अशी. दगड वाळूवर ठेवू नका, आधी दगड थेट तळाला बसवा आणि मग भोवती वाळू टाका, कारण हा प्राणी रात्रभर उकरतो आणि खालची वाळू सरकली की दगड अंगावर. समुद्रातून प्रवाळ उचलून आणायचा विचार असेल तर दगड बनवणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, पकडलं तर सरळ केस.

मग सायकलिंग. टाकी चालू करून एक कोळंबीचा तुकडा टाकायचा, तो सडतो, अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टेस्ट किटने बघत राहायचं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य येईपर्यंत मासा आणायचा नाही. चार ते सहा आठवडे धरा, कधी आठही लागतात. घरचे म्हणतील रिकाम्या पाण्याला लाइट बिल भरतोय, म्हणू दे.

४. फिल्टर, थंडावा आणि लाइट गेली तर

शार्क खातो मांस आणि घाण पण तशीच करतो. टाकीच्या खाली किंवा शेजारी मोठा सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी) आणि त्यात टाकीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र), यात काटकसर करू नका. नायट्रेट जास्त दिवस चढं राहिलं तर शार्कचं शरीर आयोडीन नीट घेऊ शकत नाही आणि गळ्याखाली चक्क गलगंड येतो, माणसाला येतो तसाच. म्हणून दर आठवड्याला दहा-बारा टक्के पाणी बदलायचं. १८०० लिटरच्या टाकीला हे झाले २०० लिटर आणि ७ किलो मीठ. घरातलं प्यायच्या पाण्याचं मशीन तासाला दहा-बारा लिटर देतं, म्हणजे रात्रभर चालवूनही ड्रम भरणार नाही, वर वाया जाणारं पाणी वेगळंच, तेव्हा मोठं युनिट आधीच बसवा आणि ते वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, संडासात वापरा. वर्षाचं मीठ धरा साडेतीनशे किलोच्या वर.

तापमान २४ ते २६ अंश. आपल्याकडे मार्च ते जून खोलीच ३३-३४ ला असते आणि त्यात पंपही पाणी गरम करतात, म्हणजे चिलर (पाणी थंड करायचं मशीन) लागणारच. चिलर गरम हवा बाहेर फेकतो, त्याला टाकीखालच्या बंद कपाटात कोंडलं तर तो स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकतो. बाल्कनीत किंवा खिडकीजवळ ठेवा. महिन्याचं वीज बिल बघून एकदा दचकाल, मग सवय होते.

आणि लाइट जाणं. पुण्यात गुरुवार आला की आपण मोबाइल चार्ज करून ठेवतो, तसं टाकीचंही बघावं लागतं. पंप थांबला की ऑक्सिजन उतरायला लागतो, एवढ्या मोठ्या माशाला दोन-चार तासही जड जाऊ शकतात. निदान रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी परत टाकीत चढवणारा) आणि एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, चिलर राहू दे. शिवाय बॅटरीवर चालणारा एक एअर पंप कपाटात तयार ठेवा, सेल घालून, कारण सेल नेमके त्याच दिवशी रिमोटमध्ये गेलेले असतात.

विजेचंच अजून एक. शार्कच्या नाकाडाभोवती बारीक छिद्रं असतात, त्यातून त्याला पाण्यातली अगदी किंचित वीजही कळते, वाळूत लपलेला खेकडा तो असाच शोधतो. जुना, चिरलेल्या वायरचा पंप पाण्यात थोडा जरी करंट सोडत असेल तरी याला त्रास होतो, खाणं सोडतो, उगाच टाकीभर फिरतो. चांगले पंप, नीट अर्थिंग, आणि तुमच्या जिवासाठी ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच.

झाकण पूर्ण हवं आणि जड हवं. 'तळाला राहतो, उडी कशाला मारेल' असं म्हणून अर्धं उघडं ठेवू नका, पाइप जातात त्या फटीतूनही निघतो. सकाळी सोफ्याखाली सापडतो.

५. अंडं की पिल्लू

अंडं मिळालं तर मजा वेगळीच. तपकिरी, चामड्याच्या छोट्या बटव्यासारखं दिसतं, मागून टॉर्च मारला की आत पिल्लू वळवळताना दिसतं. फुटायला साधारण तीन ते पाच महिने, पाणी किती उबदार त्यावर. अंडं पाण्याबाहेर काढायचं नाही, पिशवीतून टाकीत नेतानाही पाण्याखालीच. वेळ झाली नाही म्हणून कात्रीने मदत तर अजिबात करायची नाही, आतलं बलक संपल्याशिवाय ते बाहेर येत नाही आणि यायलाही नको.

मोठी मादी एकटी असतानाही अंडी घालते, ती सगळी पोकळच असतात असं नाही. कॅलिफोर्नियाच्या स्टाइनहार्ट अॅक्वेरियममध्ये एका ब्राउनबँडेड मादीने नराचे शुक्राणू किमान ४५ महिने पोटात सांभाळून मग पिल्लू दिलं होतं. चार वर्षाला तीन महिने कमी!

पिल्लू घेत असाल तर दुकानात ते तुमच्यासमोर खाल्लं पाहिजे, ही एकच अट पुरे. पोट आत गेलेलं, श्वास भरभर, अंगावर लाल चट्टे असं असेल तर कितीही दया आली तरी नाही. घरी आणल्यावर पिशवी टाकीत तरंगवून तापमान जुळवा, मग टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत तासाभरात खारटपणा जुळवा. जाळीने उचलू नका, कातडी खरखरीत असते, जाळीत अडकते. पाण्यासकट मोठ्या पिशवीत किंवा टबात घ्यायचा.

६. जेवण

कोळंबी, माकूळ, पांढऱ्या मांसाचा मासा, बारीक तुकडे करून. बांगडा, तारली तेलकट, पाण्यावर तवंग येतो, क्वचित द्या. सुकट, सोडे नाही, खारवलेलं काही नाही, चिकन-मटण नाही. बाजारातून आणलेलं आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेलं बरं, परजीवी कमी होतात, पण फ्रोझन खाण्यात व्हिटॅमिन बी१ कमी पडतं म्हणून शार्कचं व्हिटॅमिन आणि थोडं आयोडीन तुकड्यात भरून द्यायचं. पिल्लाला रोज किंवा एक दिवसाआड, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. लांब चिमट्याने तोंडाजवळ धरायचं, बोटाने नाही. तो चावरा नाही, पण त्याची नजर वासावर, आणि तुमच्या बोटाला कोळंबीचाच वास येत असतो. उरलेलं अर्ध्या तासात काढा.

सोबतीला लहान मासे टाकलेत तर ते रात्री जेवणात जातील, आणि ट्रिगर, पफर असले मासे टाकलेत तर ते शार्कचे पंख कुरतडतील. एकटा ठेवला तर काही बिघडत नाही.

आणि तो २० वर्षंसुद्धा जगू शकतो हे धरून चाला. लग्न, बदली, घर बदलणं, सगळं यात येतं. मोठा झाला की एखाद्या मत्स्यालयाला देऊ हे डोक्यातून काढा, ते सहसा घेत नाहीत. खाडीत सोडणं तर नाहीच.

७. पहिला आठवडा

पहिला आठवडा तो दिसणारच नाही. गुहेत शेपटीचं टोक तेवढं, नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू तर काही दिवस पोटातल्या बलकावरच काढतं आणि तुकड्याकडे ढुंकून बघत नाही. लोक घाबरून दगड हलवतात, पाणी बदलतात, औषध टाकतात, यातलं काहीच करू नका. टेस्ट किट ठीक असेल तर टाकीची लाइट बंद करा, टॉर्चला लाल जिलेटीन पेपर गुंडाळा आणि रात्री अकरानंतर शांत जाऊन बसा. वाळूवरून नाक घासत, पोटाखालच्या पंखांवर चालल्यासारखा तो फिरत असतो. माकुळीचा एक छोटा तुकडा चिमट्याने तिथेच वाळूवर ठेवा आणि हात मागे घ्या.