मोटरहोमची मागची बॅटरी बदलताय? छतावर सोलर असेल तर या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या विजापूर रोडवरून एका निवृत्त शिक्षक काकांचा फोन आला. ट्रॅव्हलरची मोटरहोम करून घेतलेली, छतावर दोन पॅनल, आणि मागची बॅटरी ते स्वतःच बदलायला बसले होते. मी पोचलो तेव्हा बॅटरीच्या दोन्ही वायरी सुटून पडल्या होत्या आणि सोलर कंट्रोलरमधून, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला बेतानं देणाऱ्या डब्यातून, जळका वास येत होता.

"गाडी बंदच होती की ओ," काका म्हणाले. "किल्ली माझ्या खिशात आहे बघा."

किल्लीनं इंजिन बंद होतं, पण दुपारी दीड वाजता छतावरचे पॅनल पूर्ण जोरात चालू होते. वायरिंगच्या माझ्या कामात सगळ्यात जास्त नुकसान मी या एका गैरसमजातून झालेलं पाहिलंय. मोटरहोमच्या मागच्या बॅटरीकडे, म्हणजे दिवे, पंखा, फ्रीज आणि पाण्याचा पंप चालवणाऱ्या बॅटरीकडे, वीज तीन वाटांनी येते: सोलर, इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर आणि बाहेरून लावलेली 230 व्होल्टची वायर. या तिन्ही वाटा बंद केल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

आधी पॅनल, मग बॅटरी

ज्याला 12 व्होल्टचा पॅनल म्हणतात, तो भार नसताना 21-22 व्होल्ट देतो. बॅटरी जोडलेली असते तोवर ती हा व्होल्टेज धरून ठेवते. ती आधी काढली की साध्या कंट्रोलरमधून तो थेट दिव्यांपर्यंत, पंपापर्यंत जाऊ शकतो किंवा कंट्रोलरच जळतो. काकांच्या गाडीत कंट्रोलर आणि दोन एलईडी पट्ट्या गेल्या.

म्हणून काम शक्यतो संध्याकाळी करा. दिवसा करावंच लागलं तर पॅनलवर पुठ्ठा टाका आणि त्यावर दुहेरी घडीची सोलापुरी चादर. आपल्याकडची जाड चादर या कामाला फार चांगली. थोडा उजेड मिळाला तरी पॅनल व्होल्टेज दाखवतोच, पण करंट जवळपास थांबतो. मग एमसी-4 कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरीचा जोड, सोडवा. भर उन्हात, करंट वाहत असताना तो ओढला तर आत ठिणगीची ज्योत धरते आणि प्लास्टिक वितळतं. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. पॅनल आणि कंट्रोलरच्या मध्ये स्विच बसवणार असाल तर तो डीसीचाच घ्या. घरातल्या बोर्डातला जुना एमसीबी तिथं लावलेला मी अनेकदा काढून टाकलाय.

यानंतर इन्व्हर्टर आणि सगळे दिवे बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा, त्यानंतर पॉझिटिव्ह. बसवताना उलट: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, कंट्रोलरचा दिवा लागला का ते बघणं, सेटिंग, आणि सगळ्यात शेवटी पॅनल.

निगेटिव्ह आधी का? कारण ती बॉडीला जोडलेली असते. शिकाऊ असताना मी पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलो आणि तेराचा पाना निसटून दाराच्या पत्र्याला टेकला. टेकला तिथं पान्याला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला, तो पाना मी अजून जपून ठेवलाय. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून दारं उघडी ठेवा, विडी-सिगारेट लांब, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

नवी बॅटरी, जुनी सेटिंग

ही चूक लगेच दिसत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला (पुढे नुसतं लिथियम) साधारण 14.2 ते 14.6 व्होल्टपर्यंत चार्जिंग लागतं. जेल बॅटरीला 14.1-14.2 च्या वर नेलं तर ती सुकते. पाण्याच्या बॅटरीसाठी कंट्रोलर अधूनमधून 15 व्होल्टच्या पुढे जाऊन 'इक्वलाइझ' करतो, म्हणजे आतले सगळे सेल सारखे भरून घेतो. लिथियमला आणि जेलला ते अजिबात चालत नाही. बॅटरीसोबत आलेला कागद वाचा, आकडे स्वतः भरा, कंट्रोलर 'ऑटो'वर सोडू नका. बाहेरच्या विजेवर चालणाऱ्या चार्जरचीही सेटिंग बदला, तो नेहमी विसरला जातो.

लिथियम थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती एवढा करंट खेचते की अल्टरनेटर तापून जातो. मध्ये करंटला आवर घालणारा डीसी टू डीसी चार्जर हवाच.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडते म्हणून गाडीत टाकणारे बरेच आहेत. ती घराच्या कोपऱ्यात स्थिर उभी राहण्यासाठी असते. गाडीच्या धक्क्यांनी ॲसिड उसळून बाहेर येतं. नवी आणि जुनी बॅटरी पॅरलल जोडणंही टाळा, जुनी नवीलाही खाली ओढते.

सोलापूरचं ऊन

लिथियमचे बरेचसे व्हिडिओ थंड देशांतले आहेत. त्यात सारखं सांगतात, शून्य अंशाखाली चार्ज करू नका. लडाखला निघालात तर ते लक्षात ठेवाच. आपली अडचण मात्र उलटी आहे. मे महिन्यात इथं पारा 42-43 वर जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. तापमान मर्यादेपुढे गेलं की लिथियमच्या आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, चार्जिंग तोडतो. बऱ्याच बॅटऱ्यांत ही मर्यादा 45 ते 60 अंशांच्या दरम्यान असते. मग दुपारी चार्जिंग शून्य दिसतं आणि माणूस पॅनल बदलायला निघतो. आधी बॅटरीच्या पेटीला हात लावून बघा, हवा खेळती करा, बॅटरी इंजिनच्या बाजूला असेल तर जागा बदला.

लेड ॲसिडला 45 अंशांत 25 अंशांपेक्षा सुमारे अर्धा व्होल्ट कमी द्यावा लागतो. त्यासाठी कंट्रोलरचा तापमान सेन्सर बॅटरीलाच चिकटवा. तो डब्यात तसाच पडून राहिला तर बॅटरीचं पाणी भराभर आटतं. लिथियमला ही भरपाई नको, ती बंद करा.

बसवल्यावर काही बिघडलं तर

मीटरवर 13.6 दिसतंय पण रात्री दिवे मंद? ऊन असताना मोजलेला आकडा सोलरचा असतो, बॅटरीचा नाही. सगळं बंद करून तीन-चार तासांनी, अंधारात मोजा. लेड ॲसिडला 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. लिथियमचा व्होल्टेज बराच वेळ 13.2 च्या आसपास तसाच राहतो, त्यामुळे तिला शंटवाला मॉनिटर, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा, लावा.

लिथियम एकदम शून्य व्होल्ट दाखवते? ती मेलीच असं समजू नका. पूर्ण उतरल्यावर बीएमएसनं तोडलेलं असू शकतं. लिथियमसाठीच्या चार्जरनं ती बऱ्याचदा जागी होते.

इन्व्हर्टर मध्येच बंद पडतो? मग केबल बघा. 12 व्होल्टवर 1000 वॅटचा इन्व्हर्टर 100 ॲम्पियरच्या आसपास खेचतो. त्याला 35 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आणि पॉझिटिव्हच्या अगदी जवळ 125 ते 150 ॲम्पियरचा फ्यूज लागतो. बोल्ट उघडून बघा, लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, थेट टर्मिनलवर बसलाय का. वायसर लगच्या खाली गेला असेल तर करंट त्या स्टीलमधून जातो आणि जोड तापतो. वायसर नेहमी लगच्या वर.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन ॲसिड गटारात ओतू देऊ नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवी घेतानाच दुकानात द्या.

काकांच्या गाडीचं काम झाल्यावर त्यांना मी तुळजापूरपर्यंत एक फेरी मारून यायला सांगितलं, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. आल्यावर इन्व्हर्टरवर दहा मिनिटं मिक्सर चालवला आणि प्रत्येक जोडाजवळच्या केबलच्या रबरावर हाताची मागची बाजू लावून बघितली. एक जोड कोमट लागला. सगळं बंद करून, आधी पॅनल सोडवून, तो बोल्ट अर्धा आटा आवळला.